एलिजा मॅकॉय

एलिजा मॅकॉय (जन्म : कोलचेस्टर, ऑन्टारियो, कॅनडा, २ मे १८४४, मृत्यू : मिशिगन, अमेरिका, १० ऑक्टोबर १९२९) हे कॅनडात जन्मलेले आफ्रिकी-अमेरिकी अभियंते व संशोधक होते. वाफेचे इंजिन चालू असतानाच त्याला आपोआप तेल पुरवणाऱ्या वंगणपात्रांसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या नावावर ५७ अमेरिकी पेटंटे असून त्यांतील बहुतेक वंगणाशी संबंधित आहेत. गुलामगिरीतून पळालेल्या आईवडिलांचा हा मुलगा परदेशी जाऊन अभियांत्रिकी शिकून आला आणि आपल्या देशात त्याला काम मिळाले ते इंजिनाच्या भट्टीत इंधन टाकण्याचे. त्याच कामातून त्याचे संशोधन उभे राहिले.

जन्म व कुटुंब

मॅकॉय यांचे वडील जॉर्ज आणि आई मिल्ड्रेड हे दोघे अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलाम होते. गुलामांना गुप्तपणे उत्तरेकडे पोहोचवणाऱ्या लोकांची एक साखळी त्या काळी कार्यरत होती. तिला अंडरग्राउंड रेलरोड म्हणत. नावात रेल्वे असली तरी तिच्यात ना रूळ होते ना इंजिन. रात्रीचा प्रवास, दिवसा एखाद्या सहृदय कुटुंबाच्या घरी किंवा कोठारात लपणे, आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता तोंडी मिळणे, असे तिचे स्वरूप होते. या मार्गाने मॅकॉय दांपत्य कॅनडात पोहोचले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने १८३४पासून संपुष्टात आली होती, त्यामुळे तेथे जन्मलेला एलिजा जन्मतःच स्वतंत्र होता. मॅकॉय दांपत्याला एकूण बारा अपत्ये झाली.

पुढे हे कुटुंब अमेरिकेत परतून मिशिगन राज्यातील इप्सिलांटी या गावी स्थायिक झाले. वडिलांनी तेथे तंबाखू व चिरूट यांचा व्यवसाय केला. १८५०च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यामुळे उत्तरेकडील राज्यांतही पळून आलेल्या माणसाला पकडून मालकाकडे परत पाठवता येत असे. मॅकॉय यांच्या बालपणावर या भीतीची छाया होती, हे त्यांचे पुढील आयुष्य वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

शिक्षण

लहानपणी एलिजाला यंत्रे उघडून पुन्हा जोडण्याची आवड होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. संशोधकांच्या चरित्रांत ही गोष्ट हटकून येते, म्हणून तिच्यावर फार भर देण्याचे कारण नाही. आईवडिलांनी या मुलासाठी जे केले ते मात्र खरोखर असामान्य होते. पंधरा वर्षांच्या एलिजाला त्यांनी १८५९ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे पाठवले. यंत्रअभियांत्रिकीतील उमेदवारी व शिक्षण त्यांनी तेथे पूर्ण केले. अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुणाला असे शिक्षण मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते.

मॅकॉय स्कॉटलंडमध्ये असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–१८६५) झाले व त्याच्या अखेरीस गुलामगिरी घटनेनेच रद्द झाली. परतलेल्या तरुण अभियंत्यासमोर कायद्याने मुक्त झालेला देश होता, पण नोकरीच्या बाबतीत तो देश फारसा बदललेला नव्हता.

रेल्वेतील नोकरी

मिशिगन सेंट्रल ही डेट्रॉइट ते शिकागो धावणारी रेल्वे इप्सिलांटीवरूनच जात असे. मॅकॉय यांनी तेथे नोकरी मिळवली, परंतु अभियंता म्हणून त्यांना कोणी घेतले नाही. त्यांना फायरमन व ऑइलर ही कामे मिळाली. फायरमनने भट्टी पेटती ठेवायची, बॉयलरमधील पाण्याची पातळी सांभाळायची. ऑइलरने फिरत्या भागांना तेल द्यायचे. अंगमेहनतीची, धुरातली आणि अपघाताची ही कामे होती. ज्याने इंजिनाचा आराखडा काढावा, त्याच्या हाती तेलाचा डबा आला. एक खरे, की आराखड्यावर न दिसणारी इंजिनाची एक दुखरी जागा या डब्यामुळेच त्यांना रोज जवळून पाहायला मिळाली.

वंगणाचा प्रश्न

वाफेच्या इंजिनाला तेल दोन ठिकाणी लागते. ही दोन ठिकाणे वेगळी ओळखल्याशिवाय मॅकॉय यांचे काम नीट समजत नाही. त्यांच्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात तर नेमकी येथेच गफलत होते.

पहिले ठिकाण बाहेरचे. चाकांचे आस, जोडदांडे, त्यांच्या खिळी, सांधे हे सारे उघड्यावर असतात. गाडी थांबली की लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन एकेका ठिकाणी तेल सोडता येते. दुसरे ठिकाण आतले. सिलिंडरमध्ये दट्ट्या पुढेमागे सरकतो आणि त्याच्या शेजारच्या वाफेच्या पेटीत एक सरकती झडप वाफेला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सोडते. या भागांत बॉयलरचा दाब असतो. तेल घालण्यासाठी तेथे भोक उघडले, तर तेल आत जाण्याऐवजी वाफच बाहेर उसळते.

यावर जुना उपाय असा, की वाफ बंद असलेल्या वेळी, गाडी थांबलेली असताना किंवा उतारावरून आपसूक जात असताना, फायरमनने इंजिनाच्या कडेच्या अरुंद फळीवरून पुढे जायचे आणि सिलिंडरवरील वाट्यांमध्ये वितळलेली चरबी ओतायची. धावत्या इंजिनावर, पावसात किंवा बर्फात, हे काम करताना माणसे पडून जखमी होत. चरबीचा आणखी एक दोष होता. वाफेच्या उष्णतेने तिचे विघटन होऊन आम्ले तयार होत आणि ज्या धातूचे रक्षण करायचे तोच झिजे. पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे १८५९ साली ड्रेक यांच्या विहिरीत खनिज तेल लागले, आणि पुढील दोन दशकांत खनिज तेलापासून केलेली वंगणे हळूहळू चरबीची जागा घेऊ लागली. तेल बदलले, पण ते आत कसे जावे हा प्रश्न शिल्लक होता.

शिवाय सिलिंडरमधील तेल एकदा गेले की गेलेच. आजच्या मोटारीशी तुलना केली तर हे स्पष्ट होईल. मोटारीच्या इंजिनात तेल तळाच्या भांड्यात साठते, पंप ते वर पाठवतो आणि काम करून ते पुन्हा तळाशी येते. तरीही पिस्टनच्या कड्यांच्या फटीतून आणि झडपांच्या दांड्यांजवळून थोडे तेल ज्वलनकक्षात जाऊन जळते, थोडे कोठून तरी पाझरते. म्हणून तेल बदलण्याची वेळ आली नसली तरी अधूनमधून सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालून तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये आहे ना हे पाहावे लागते. मोटारीत जी बाब गळतीची किंवा झिजेची, तीच वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरात नेहमीची रीत होती. दट्ट्याला लागलेले तेल काम झालेल्या वाफेबरोबर धुराड्यातून हवेत जाई. परत येणारे तेल नव्हतेच. होता तो केवळ खर्च.

तेव्हा प्रश्न प्रमाणाचा होता. तेल कमी पडले तर झडप घासते, तिच्या फटीतून वाफ निसटते, इंधन अधिक जळते आणि शेवटी दट्ट्या अडकून बसतो. जास्त झाले तर पैसा वाया जातोच, शिवाय करपलेल्या तेलाचा काजळीसारखा थर वाफेच्या वाटांत साचतो. थोडे तेल, पण सतत, आणि इंजिन न थांबवता, अशी ही गरज होती.

वंगणपात्रांची पेटंटे

२३ जुलै १८७२ रोजी मॅकॉय यांना वाफेच्या इंजिनांसाठीच्या वंगणपात्रातील सुधारणेचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक १,२९,८४३. जो दाब तेलाला आत येऊ देत नव्हता, त्याच वाफेच्या दाबाकडून तेल आत पोहोचवण्याचे काम करून घेणे, हे या रचनेचे सार होते. इंजिनावर बसवलेल्या पात्रात तेल भरून ठेवायचे. इंजिन चालू असेतोवर पुरवठा आपोआप होत राही. रेल्वे इंजिनांप्रमाणेच जहाजांवरील आणि कारखान्यांतील स्थिर इंजिनांनाही असे पात्र उपयोगी होते.

या एका तारखेमागे एक संदर्भ आहे. १८५८ साली अमेरिकेच्या महान्यायवादींनी असा निर्णय दिला होता, की गुलाम हा नागरिक नसल्यामुळे त्याच्या शोधाला पेटंट देता येत नाही, आणि शोध त्याच्या मालकाचा नसल्यामुळे मालकालाही ते मिळू शकत नाही. म्हणजे जॉर्ज मॅकॉय केंटकीतच राहिले असते, तर त्यांच्या मुलाच्या डोक्यातील कल्पना कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच ठरली नसती. त्या निर्णयानंतर अवघ्या चौदा वर्षांनी हे पेटंट नोंदले गेले.

आपोआप वंगण देण्याची कल्पना मात्र मॅकॉय यांनी प्रथम काढलेली नव्हे. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० साली आणि जेम्स रॉस्को यांनी १८६२ साली विस्थापन तत्त्वावरील वंगणपात्रे पुढे आणली होती. त्यांचे तत्त्व शाळेतील मुलालाही समजेल इतके सोपे आहे. तेलाच्या बंद भांड्यात थोडी वाफ येऊ द्यायची. ती थंड होऊन तिचे पाणी होते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते व जितके पाणी साचेल तितके तेल वर उचलले जाते. वर आलेले तेल नळीच्या तोंडावरून ओसंडून सिलिंडरकडे जाते. तत्त्व सुंदर, पण व्यवहारात अडचणी अनेक. चढावर, उतारावर आणि स्थानकात वाफेचा दाब सारखा बदलतो, ड्रायव्हरने वाफ बंद केली की पुरवठ्याचे प्रमाण बिघडते, थंडीत तेल घट्ट होते, झडपा तुंबतात.

मॅकॉय यांचे पुढील सारे आयुष्य या अडचणी एकेक करून दूर करण्यात गेले. १८७२नंतर सुधारणांची पेटंटे एकामागून एक येत राहिली. त्यांतील एकावर ४ जुलै १८७६ ही अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीची तारीख आहे. त्यांचे मोठेपण एखाद्या क्षणी सुचलेल्या युक्तीत शोधण्यापेक्षा अर्धशतकभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करण्याच्या चिकाटीत शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

याच काळात रेल्वे इंजिनांवरील वंगणपात्र सिलिंडरजवळून उचलून ड्रायव्हरच्या खोलीत आणले गेले. त्याला काचेच्या नळ्या बसवल्या जाऊ लागल्या. पाण्याने भरलेल्या नळीतून तेलाचा एकेक थेंब खालून वर तरंगत जाताना दिसे. ड्रायव्हर मिनिटाला किती थेंब जातात ते मोजून नळाची चावी कमी-जास्त फिरवी, आणि शेजारच्या काचेत पात्रातील तेल किती उरले आहे हे पाही. फायरमनचे फळीवरून चालत जाणे संपले.

बाहेरचे तेलपाणी मात्र संपले नाही. मॅकॉय यांच्या पात्रामुळे गाड्या तेलासाठी थांबायच्याच बंद झाल्या, असे विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते अतिशयोक्त आहे. जोडदांडे व आसांना हाताने तेल देण्याची पद्धत बहुतेक इंजिनांवर वाफेचे युग संपेपर्यंत चालू राहिली. भारतातही स्थानकात गाडी उभी राहताच तेलाचा डबा घेऊन इंजिनाभोवती फिरणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मालकी आणि मोबदला

पेटंट मिळवणे वेगळे आणि त्यावर कारखाना उभारणे वेगळे. मॅकॉय यांच्याजवळ भांडवल नव्हते. त्यामुळे आपल्या पेटंटांतील हक्क त्यांनी बहुधा गुंतवणूकदारांना विकले किंवा मालकांच्या नावे करून दिले. एका शोधाच्या विक्रीतून आलेला पैसा पुढच्या शोधाच्या प्रयोगांत जाई. परिणामी त्यांच्या कल्पनेवर आधारलेली हजारो पात्रे अनेक रेल्वे कंपन्यांत वापरली गेली, पण त्यांतील फार थोड्यांवर त्यांचे नाव होते. मिशिगन सेंट्रलने त्यांची योग्यता उशिरा का होईना ओळखली; वंगणपात्रे कशी बसवावी व वापरावी याचे शिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे आले.

डेट्रॉइटमधील वास्तव्य

मॅकॉय यांचा पहिला विवाह १८६८ साली ॲन एलिझाबेथ स्ट्यूअर्ट यांच्याशी झाला. पहिले पेटंट मिळाले त्याच वर्षी, १८७२ मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी मॅकॉय यांनी मेरी एलेनोरा डिलेनी यांच्याशी विवाह केला. १८८२ साली हे दांपत्य डेट्रॉइटला राहायला गेले. मेरी मॅकॉय या मिशिगनमधील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनाकार्यातील अग्रणी होत्या. निराधार वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी डेट्रॉइटमध्ये निघालेल्या फिलिस व्हीटली आश्रमाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. पतीच्या चरित्रातील एक ओळ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

वंगणाबाहेरही मॅकॉय यांनी काही शोध लावले. कपड्यांना इस्त्री करण्याचे घडीचे टेबल (१८७४) आणि हिरवळीवर पाणी शिंपडणारे उपकरण (१८९९) ही त्यांतील दोन.

ग्रॅफाइटचे वंगणपात्र

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे इंजिनांत अतितप्त वाफेचा वापर वाढला. साध्या वाफेचे तापमान इंजिनात सुमारे २०० अंश सेल्सियस असे. अतितप्त वाफेचे ३०० अंशांच्याही वर जाई. अशी वाफ कोरडी असते. साध्या वाफेतील ओलाव्याचा सिलिंडरला जो थोडाफार आधार होता, तोही गेला, आणि नेहमीचे तेल इतक्या उष्णतेत टिकेना. तेलाचा खर्च वाढला, तरी झीज थांबेना.

ग्रॅफाइटची बारीक पूड उष्णतेला दाद देत नाही व स्वभावतः गुळगुळीत असते. शिसपेन्सिलीचे टोक कागदावर सरकते ते याच गुणामुळे. ती तेलात मिसळावी हे उघड होते, पण पूड तेलात तरंगत न राहता तळाशी बसते आणि नळ्या तुंबवते. ही पूड तेलाबरोबर अडथळा न होता सारख्या प्रमाणात पुढे जावी, अशी रचना मॅकॉय यांनी केली. तिचे पेटंट १९१५ साली मिळाले तेव्हा ते सत्तरीत होते. स्वतः मॅकॉय या शोधाला आपले सर्वोत्तम काम मानीत. १९२० साली डेट्रॉइटमध्ये त्यांच्या नावाची उत्पादन कंपनी स्थापन झाली. पहिल्या पेटंटानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्यांचे नाव त्यांच्या मालावर आले.

द रिअल मॅकॉय

इंग्रजीत अस्सल, बनावट नव्हे अशा वस्तूला द रिअल मॅकॉय म्हणतात. खरेदीदार इंजिनासाठी नकली नव्हे तर मॅकॉय यांचेच वंगणपात्र मागत, त्यावरून हा वाक्प्रचार पडला, असे सांगितले जाते. शालेय पुस्तकांतूनही ही कथा येते. ती टिकत नाही. याच अर्थाने द रिअल मॅके हा प्रयोग स्कॉटलंडमध्ये १८५६ साली, म्हणजे मॅकॉय बारा वर्षांचे असताना, वापरात होता. पुढे मॅके याच नावाच्या व्हिस्कीच्या जाहिरातीत तो आला. वंगणपात्राशी त्याचा संबंध प्रसिद्ध झाला तो मॅकॉय यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, विशेषतः १९६६ साली एका अमेरिकी मद्याच्या जाहिरातीत त्यांचे चित्र झळकल्यानंतर. शिवाय वर पाहिल्याप्रमाणे १९२०पूर्वीच्या पात्रांवर बहुधा त्यांचे नावच नसे, मग गिऱ्हाईक नावाने मागणार काय? शोधावरचे नाव ज्याला आयुष्यभर मिळाले नाही, त्याला वाक्प्रचाराचे श्रेय देऊन भरपाई करण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु ५७ पेटंटांच्या कागदोपत्री पुराव्यापुढे अशा दंतकथेची गरज पडू नये.

मॅकॉय यांच्या हयातीतच त्यांच्या कार्याची नोंद घेणारेही होते. पेटंट कार्यालयातील कृष्णवर्णीय परीक्षक हेन्री बेकर यांनी कृष्णवर्णीय संशोधकांची यादी चिकाटीने जमवली. पेटंटाच्या अर्जात वर्ण लिहिलेला नसे, म्हणून बेकर यांना देशभर पत्रे पाठवून चौकशी करावी लागली. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेत मॅकॉय यांचे कार्य आले आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीही १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात, तोवर सर्वाधिक पेटंटे मिळवणारा कृष्णवर्णीय संशोधक म्हणून त्यांचा उल्लेख केला.

अखेरचे दिवस

१९२२ साली मॅकॉय पतिपत्नी एका मोटार अपघातात सापडले. मेरी मॅकॉय त्या दुखापतींतून सावरल्या नाहीत व १९२३ साली त्यांचे निधन झाले. मॅकॉय यांची प्रकृतीही त्यानंतर खालावत गेली. जवळचा पैसा संशोधनात व कंपनीत गेला होता. अखेरचा काळ त्यांनी वेन परगण्यातील ईलॉइस येथील सार्वजनिक रुग्णालयात काढला. तेथेच १० ऑक्टोबर १९२९ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मिशिगनमधील वॉरन येथील डेट्रॉइट मेमोरियल पार्क या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

स्मृती

१९७५ साली डेट्रॉइट शहराने एलिजा मॅकॉय दिन साजरा केला. त्यांच्या घराच्या जागी स्मृतिफलक लावण्यात आला व एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. जुलै २०१२मध्ये डेट्रॉइट येथे अमेरिकी पेटंट व व्यापारचिन्ह कार्यालयाची प्रादेशिक शाखा सुरू झाली. राजधानीच्या परिसराबाहेर उघडलेली ही या कार्यालयाची पहिली शाखा असून तिला एलिजा मॅकॉय यांचे नाव देण्यात आले आहे.